कठीण पाठ

साहित्याच्या अभ्यासकांपुढे प्लॅस्टिकच्या विमानाची कथा सांगायची म्हणजे संकोच वाटणे स्वाभाविक आहे. केस पिकलेल्या माणसाने रात्री दिव्याखाली बसून वीतभर विमानाला काचकागद घासत राहावे, या उद्योगाचे समर्थन आम्हाला स्वतःच्या घरातही कधी करता आलेले नाही. तरीही ही कथा सांगत आहोत, याचे कारण एकच. पाठचिकित्सेचे जे तत्त्व आम्ही वीस वर्षे वर्गातल्या फळ्यावर लिहीत आलो, ते आम्हाला स्वतःला समजले ते या विमानाच्या पंखापाशी; आणि तेही ज्याच्याजवळ त्याची कबुली द्यायला हवी होती, तो माणूस निघून गेल्यावर.

प्रथम वस्तूची ओळख करून देऊ. बाजारात सर्रास मिळणारे विमानांचे जुळणीसंच पोलादी साच्यांतून निघतात. असा साचा घडवणे अतिशय खर्चाचे असते, म्हणून ज्यांचा खप निश्चित आहे अशाच विमानांच्या वाट्याला तो येतो. स्पिटफायर, मेसरश्मिट, मस्टँग ही त्या जगातली सदाबहार नावे. त्यांच्या एका भागाला खुंट्या असतात, समोरच्या भागात त्या खुंट्यांसाठी भोके असतात, आणि शाळकरी मुलगाही दोन-चार दिवसांत विमान उभे करू शकतो. ‘लिमिटेड रन’ या नावाने ओळखले जाणारे संच निराळे. ते मऊ धातूच्या किंवा इपॉक्सीच्या साच्यांतून, कमी दाबाखाली ओतलेले असतात. थोड्या प्रती निघाल्या की साचा झिजतो आणि संच दुर्मीळ होतो. यांच्या भागांना खुंट्या नसतात. कडांना प्लॅस्टिकचे पापुद्रे सुटलेले असतात, पंखाची मागची कड सुरीच्या धारेसारखी असायची ती पट्टीसारखी जाड असते. इंजिन रेझिनचे, बारीकसारीक भाग पितळेच्या पातळ पत्र्यावर रसायनाने कोरलेले. सोबतच्या घडीच्या कागदावर एक बाण काढलेला असतो आणि त्याचा अर्थ एवढाच, की हा भाग इथे कुठेतरी बसतो.

या छंदाला इतिहासही आहे. एका इंचात सहा फूट, म्हणजे एकास बहात्तर हे प्रमाण रूढ झाले ते ‘फ्रॉग’ या इंग्लिश नाममुद्रेने १९३६ साली काढलेल्या ‘पेंग्विन’ मालिकेपासून. ती विमाने सेल्युलोज अ‍ॅसिटेटची होती. पुढे महायुद्धात शत्रूची आणि आपली विमाने दुरून ओळखता यावीत म्हणून सैनिकांना शिकवण्यासाठी याच प्रमाणातल्या प्रतिकृती वापरल्या गेल्या. १९८९ नंतर चेकोस्लोव्हाकियातली, आणि देशाच्या विभाजनानंतर चेक प्रजासत्ताकातली, अनेक लहान मंडळी या व्यवसायात उतरली. मोठ्या कंपन्यांनी ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते अशी आडवळणाची विमाने त्यांनी बाजारात आणली. पोलादी साच्याचा संच ही क्रमिक पुस्तकाची छापील आवृत्ती मानली, तर हे संच म्हणजे वाळवी लागलेली एकुलती एक पोथी. तिच्यात चुका आहेत हे ठाऊक असूनही तिच्याकडेच जावे लागते, कारण दुसरी प्रत नसते.

आम्ही ज्या विमानापायी या पोथीकडे गेलो त्याचे नाव व्हल्टी व्हेंजन्स. अमेरिकेत बांधलेले, एक इंजिन आणि दोन माणसांचे हे बॉम्बफेकी विमान. लक्ष्याच्या बरोबर माथ्यावर जाऊन उभ्या रेषेत खाली सूर मारायचा, बॉम्ब सोडायचा आणि वर उठायचे, हे त्याचे काम. फ्रान्सने मागणी नोंदवली, फ्रान्स पडला, मागणी ब्रिटनकडे आली आणि सरतेशेवटी यांतली बरीच विमाने युरोपात न लढता हिंदुस्थानात येऊन पोचली. भारतीय हवाई दलाच्या सातव्या आणि आठव्या स्क्वाड्रननी ती १९४४ साली ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर वापरली. आठव्याने आराकानात, सातव्याने कछारमधल्या धावपट्ट्यांवरून मणिपूरच्या आघाडीवर. त्या पावसाळ्यात त्यांना आघाडीवरून मागे घेतले गेले. पुढे आठव्याला स्पिटफायर मिळाली, सातव्याला हरिकेन, आणि व्हेंजन्सचे नाव विस्मरणात गेले.

सातव्या स्क्वाड्रनमध्ये आमचे धाकटे मामा फिटर होते. १९४२ साली घरात न सांगता भरती झालेले. युद्धानंतर एस. टी.च्या कार्यशाळेत त्यांनी आयुष्य काढले आणि युद्धाविषयी ते क्वचितच बोलले. सिल्चरचा पाऊस, तंबूतल्या जळवा, आणि हे विमान, एवढेच त्यांचे महायुद्ध. विमानाविषयी त्यांची दोन वाक्ये ठरलेली असत. पहिले : “त्याचं पोट कधी कोरडं नसायचं. इंजिन तेल प्यायचं तेवढंच ओकायचं, आणि आम्ही पोत्याच्या तुकड्यांनी पुसत बसायचो.” दुसरे सांगताना ते तळहात तिरपा धरीत. “सरळ जातानासुद्धा नाक वर करून जायचं ते. वरातीत पाटलाचा पोरगा चालतो ना, तसं.”

पहिले वाक्य आम्हाला खरे वाटे. दुसरे आम्ही गोष्टीचा मसाला समजून सोडून देत असू. विमान वर चढताना नाक वर करते हे कोणालाही ठाऊक आहे. मामांनी उड्डाणे पाहिली असतील आणि साठ वर्षांत त्यांच्या मनात चढणे आणि सरळ जाणे यांची सरमिसळ झाली असेल, असा आमचा विद्वत्तापूर्ण निष्कर्ष होता.

२००९ साली एका परिचितामार्फत या विमानाचा संच आमच्या हाती आला. मामा तेव्हा पंच्याऐंशीचे होते. आम्ही पेटी त्यांना नेऊन दाखवली. झाकणावरचे चित्र त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “कधी होईल?” दिवाळीपर्यंत, असे आम्ही सांगितले. कोणती दिवाळी ते सांगितले नाही, एवढीच त्यातली सावधगिरी.

काम सुरू झाले आणि पोथीचे दोष एकेक करून दिसू लागले. धडाचे दोन अर्धे एकमेकांवर ठेवले तर डावा उजव्यापेक्षा मिलिमीटरभर आखूड. इंजिनाच्या चौदा सिलिंडरांपैकी एकात हवेचा बुडबुडा राहून खड्डा पडलेला. सूर मारताना वेग आवरण्यासाठी या विमानाच्या पंखांवर जाळीदार अडसर असत. त्यांचे पितळी पत्रे पंखावर त्यांच्यासाठी दिलेल्या जागेपेक्षा लांब. आम्ही कानस लावली, प्लॅस्टिकच्या पट्ट्या चिकटवून आखूड भाग वाढवला, गाड्यांच्या रंगकामात वापरतात ती लांबी फटींत भरली, घासली, पुन्हा भरली. टाचण्यांची डोकी तोडून त्यांच्या खुंट्या केल्या. महिन्याभरात आमची एक वृत्ती बनून गेली. जे विचित्र दिसेल ते साच्याचे पाप, आणि ते दुरुस्त करणे हे आमचे पुण्य.

याच वृत्तीने आम्ही पंखांपाशी पोचलो. विमानाचा पंख धडाला जोडताना पुढची कड मागच्या कडेपेक्षा किंचित उंच ठेवतात. त्या तिरपेपणामुळे विमान सरळ जात असतानाही पंख हवेला थोडा कोन करून राहतो आणि उचल मिळते. आमच्या संचात धडावर पंखासाठी जी रेघ उमटवलेली होती ती पूर्ण आडवी होती. पंख तिच्यावर धरला की कोन शून्य. साच्याच्या कारागिराचा आळस, असे आम्ही ठरवले. रेघ घासून काढली, पंखाची पुढची कड सुमारे तीन मिलिमीटर वर उचलली, खालची फट लांबीने बुजवली. पंखाची बैठक आता डोळ्यांना सुखावू लागली. त्या रात्री आम्ही अतिशय समाधानाने झोपलो हे नमूद केले पाहिजे.

पुढे विमान थांबले. वैमानिकांवरची लांब काचपेटी बसवताना आमच्याच अंगठ्याखाली तडकली आणि तिच्याबरोबर उत्साहही. पेपर तपासणे, परीक्षा, मुलांची लग्ने, घराचे हप्ते ही कारणे सर्वांना असतात, तशी आम्हालाही होती. मामा भेटले की विचारीत, “काय रे, माझं विमान कुठवर आलं?” पंख लागले, असे आम्ही सांगत असू. ते खूश होत. पंख पाहायला आणतो असेही आम्ही म्हणालो होतो. २०१६ च्या पावसाळ्यात मामा गेले.

त्यानंतर काही वर्षांनी, संच पुन्हा हाती घ्यावा म्हणून या विमानाविषयी मिळेल ते वाचू लागलो, तेव्हा एका लेखातल्या दोन ओळींपाशी थबकलो. व्हेंजन्सचा पंख धडाला शून्य अंशाच्या कोनात जोडलेला होता. उभा सूर मारताना पंखाने विमानाला रेषेबाहेर ओढू नये म्हणून रचनाकारांनी मुद्दाम तसे केले होते. त्या पंखाने या विमानाला अचूक सूर मिळवून दिला. परंतु त्याची किंमत अशी, की सरळ उड्डाणात उचल मिळवण्यासाठी संपूर्ण विमानालाच नाक वर करून जावे लागे. वैमानिकाला समोरचे नीट दिसत नसे. पुढच्या अमेरिकन आवृत्तीत ही अडचण दूर करण्यासाठी पंखाला चार अंशांचा कोन देण्यात आला. सातव्या आणि आठव्या स्क्वाड्रनकडे १९४४ साली होती ती आधीची, शून्य अंशाची विमाने.

आम्ही गणित मांडले. मुळाशी सुमारे चार सेंटिमीटर रुंद असलेल्या पंखाची पुढची कड तीन मिलिमीटर उचलली, तर कोन चार अंशांच्या आसपास होतो.

वाचकांपैकी जे या विषयाचे आहेत त्यांच्या ध्यानात एव्हाना आले असेल. पाठचिकित्सेचा एक जुना संकेत असा आहे, की दोन पाठांपैकी जो अधिक अवघड तो बहुधा अधिक जुना. कारण नक्कल करणारा अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड करीत नाही. कारागिराने आडवी रेघ आळसाने ओढली नव्हती. मूळ विमानाचा अवघड पाठ त्याने जसाच्या तसा उतरवला होता. सोपे केले ते आम्ही. आणि नुसते सोपे करून थांबलो नाही, तर एका शाखेच्या पोथीत दुसऱ्या शाखेचा पाठ घुसवला. मामांच्या विमानाच्या जागी, ज्याला त्यांचा हातही लागला नव्हता असे विमान आमच्या टेबलावर उभे होते.

शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तिच्यात पुढे कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. हे आपण वर्गात सांगतो तेव्हा ओवी घालणारा कोणीतरी अहंमन्य मनुष्य विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. आमचा अनुभव निराळा आहे. पाठ भ्रष्ट करताना आमच्या मनात अहंकार नव्हता. काळजी होती, आस्था होती, कष्ट होते. शेकडो वर्षे लेखनिकांनी जे बदलले त्यातले पुष्कळसे असेच, दिव्याखाली मान मोडून आणि पोथीचे भले व्हावे म्हणून बदलले असणार.

परंतु हा संकेत आंधळेपणाने वापरता येत नाही, हेही तितकेच खरे. धडाचा डावा अर्धा आखूड होता तो काही अवघड पाठ नव्हता. ती निव्वळ चूक होती, आणि ती आम्ही सुधारली हे योग्यच झाले. विचित्र दिसणाऱ्या दोन गोष्टींपैकी एक लेखनिकाचा हस्तदोष आणि दुसरी मूळ ग्रंथकाराची इच्छा. पोथीकडे कितीही टक लावून पाहिले तरी हा भेद तिच्यातून दिसत नाही. त्यासाठी पोथीबाहेरची साक्ष लागते. सुकथनकरांनी १९२५ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातल्या महाभारताच्या संशोधित आवृत्तीची सूत्रे घेतली, ती निरनिराळ्या लिप्यांतल्या, निरनिराळ्या प्रांतांतल्या पोथ्या समोर मांडून. काश्मीरच्या शारदा लिपीतल्या पोथीने सांगितलेली गोष्ट दूर मलबारची पोथीही सांगत असेल, तर त्या साक्षीचे वजन मोठे. आमच्यापाशी अशी दुसरी साक्ष होती. ती कोणत्या ग्रंथालयात दडलेली नव्हती. ती आमच्याच घराण्यात, आरामखुर्चीत बसून, तळहात तिरपा धरून, दर भेटीत एकच वाक्य सांगत होती. पोथी आणि साक्षीदार दोघे एकच गोष्ट सांगत असताना आम्ही दोघांनाही चूक ठरवले, कारण दोघांच्याही सांगण्याने आमच्या डोळ्यांना खुपत होते.

पाटलाच्या पोराची उपमा आम्हाला नडली असे आता वाटते. मामांनी कोनाचे अंश सांगितले असते तर आम्ही ते वहीत टिपून घेतले असते. त्यांनी दृष्टान्त दिला, आणि दृष्टान्त हे अलंकरण असते, पुरावा नसतो, अशी आमच्यासारख्या शिकलेल्यांची समजूत. ज्याने ती गोष्ट रोज पाहिली त्याला अंशांची गरजच पडली नव्हती.

पंख उतरवायला दोन रविवार लागले. फेव्हिक्विकने धरलेला सांधा सुटेना, म्हणून करवतीच्या पात्याने तो कापावा लागला. कापताना धडाच्या कडेवरचे रिव्हेटांचे ठिपके गेले ते गेलेच. घासून टाकलेली मूळ रेघ परत आणता येत नव्हती. ती कुठे होती हे दुसऱ्या बाजूच्या अवशेषावरून मोजून पुन्हा ओढली. पंख शून्यावर बसवला. तडकलेल्या काचपेटीच्या जागी नवी केली. लाकडाचा ठोकळा तिच्या आकारात कोरला, मिठाईच्या खोक्याचे पारदर्शक झाकण गॅसवर दुरून तापवले आणि मऊ होताच ठोकळ्यावर ओढले. पाचवा प्रयत्न साधला. स्वयंपाकघरातल्या वासाविषयी जे ऐकून घ्यावे लागले ते येथे देत नाही.

रंग दिले. वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, पोटाला फिकट राखाडी. पंखांवरची वर्तुळे निळी आणि त्यांच्या मध्यभागी फिकट निळी. जपानी विमानांवरच्या लाल गोलाशी गफलत होऊ नये म्हणून या आघाडीवर दोस्तांच्या खुणेतला लाल ठिपका काढून टाकलेला होता. उरले धडावरचे अक्षर. मामांच्या पेटीत एक छायाचित्र सापडले होते : विमानापुढे ओळीने उभी असलेली पाच पोरे, डावीकडून दुसरे मामा, आणि त्यांच्या खांद्यामागे धडावर रंगवलेल्या एका अक्षराची केवळ उभी रेघ. उरलेले अक्षर मामांच्या डोक्याआड. ते बी असेल, डी असेल, पी किंवा आर असेल. संचातल्या कागदावर छापील अक्षरे होती, त्यांतले कोणतेही लावले असते तरी जगात कोणी हरकत घेतली नसती. महाभारताच्या संशोधित आवृत्तीत जो पाठ पुरेसा निश्चित नाही त्याखाली नागमोडी रेघ छापलेली असते. संपादकाच्या प्रामाणिकपणाची याहून साधी खूण आम्हाला ठाऊक नाही. विमानावर नागमोडी रेघ काढता येत नाही. आम्ही उभी रेघ तेवढी रंगवली आणि तिच्यापुढची जागा मोकळी सोडली.

शेवटी इंजिनाच्या आवरणापासून मागे, पोटाच्या संपूर्ण लांबीवर, तपकिरी-काळ्या तेलरंगाचे ओघळ ओढले. एरवी आम्ही मळ आणि डाग यांच्या बाबतीत हात आखडता घेतो, कारण नवशिका त्यांच्या मागे दोष लपवतो. या वेळी घेतला नाही.

गेल्या महिन्यात ते विमान मामेबहिणीच्या घरी नेऊन दिले. मामांच्या छायाचित्राखाली तिने आधीच जागा केली होती. अर्धवट अक्षराविषयी तिने काही विचारले नाही. विमान हातात घेऊन तिने उलटे केले, पोटाकडे पाहिले आणि पदराचे टोक बोटावर घेत म्हणाली, “अरे, हे पुसायचं राहिलं वाटतं.”

आम्ही तिचा हात धरला. या विमानावर प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या सांगण्यावरून केलेल्या गोष्टी दोनच आहेत : पंखाचा कोन आणि ते ओघळ. पहिली पुढे वाचनानेही पटली. दुसरी आम्ही केवळ त्यांच्या शब्दावर केली आहे.